सूर उसने, वाक्य कुणाचं?

अलिबागहून दक्षिणेला निघालं की रेवदंडा लागतो आणि साळावच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई. या गावातली ख्रिस्ती वस्ती घरात जी बोली बोलते तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली केले. सत्ता गेली, बोली राहिली. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. अभ्यासकांना तिच्याविषयी खरं कुतूहल आहे ते तिच्या वाक्यामुळे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येतं आणि कर्म त्यानंतर. कोर्लईत ते मराठीसारखं वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं. शब्द लिस्बनचे, पण पंगतीत कुणी कुठे बसायचं ते कोकणाने ठरवलं. याच किनाऱ्यावरच्या गावांतून मुंबईला गेलेल्या बेने इस्रायलींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. तिथे गोष्ट परकी होती आणि सांगण्याची रीत हरदासाची. त्याला फ्यूजन म्हणावं असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

गिटारवरच्या लेखात हे कशाला, तर ब्लूज आणि फ्यूजनमधला सोलो शिकताना आपल्याकडे जवळजवळ सगळा भर शब्दसंग्रहावर असतो. सोलो म्हणजे बाकीच्या वादकांनी धरून ठेवलेल्या चौकटीत एकट्याने जागच्या जागी रचत जायचा भाग. तो चांगला यावा म्हणून शिकणारा आधी मायनर पेंटाटॉनिक घोटतो, मग ब्लूज स्केल, मग डोरियन, मिक्सोलिडियन, लिडियन, पुढे मेलडिक मायनर आणि त्याची पिलावळ. प्रत्येकाचा फ्रेटबोर्डवरच्या ठिपक्यांचा नकाशा असतो आणि तो बोटांना पाठ होतो. एवढं करून वाजवायला उभं राहिल्यावर ऐकू येतो तो शब्दकोश. अ पासून ज्ञ पर्यंत सगळे शब्द आहेत, म्हणणं मात्र काहीच नाही. स्केल आणि मोड हा सोलोचा शब्दसंग्रह आहे. सोलो जिवंत होतो तो वाक्यरचनेवर, म्हणजे कुठल्या सुरावर थांबायचं, कुठल्याला नुसतं शिवून जायचं, कुठून आलं की कुठे उतरायचं यावर. हे ओळखायला लागणारा कान मराठी श्रोत्याकडे आधीपासून आहे. फक्त त्याचा आणि गिटारचा संबंध कुणी त्याला सांगितलेला नाही.

मोड म्हणजे काय हे समजायला गिटारही लागत नाही, भजनी मंडळाची पेटी पुरते. काळ्या पट्ट्यांना हात न लावता पांढरी एकला सा मानून पांढऱ्या पट्ट्या वाजवत गेलं की बिलावल थाट येतो. पाश्चात्त्य नाव आयोनियन. त्याच पट्ट्या, पण सा मानला पांढरी दोन, की गंधार आणि निषाद आपोआप कोमल होतात आणि काफी हाती येतो, म्हणजे डोरियन. तिसरीपासून भैरवी, म्हणजे फ्रिजियन. चौथीपासून कल्याण, म्हणजे लिडियन. पाचवीपासून खमाज, म्हणजे मिक्सोलिडियन, ब्लूजवाल्यांचा लाडका. सहावीपासून आसावरी, म्हणजे एओलियन. सातवीपासून निघालं तर पंचमच हरवतो. त्याला ते लोक्रियन म्हणतात, आपल्या दहा थाटांत त्याला जागा नाही. भातखंड्यांच्या उरलेल्या चार थाटांना, भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी यांना, नुसत्या पांढऱ्या पट्ट्या पुरत नाहीत. ग्रीक नावांचा बाऊ एवढ्यावर संपतो.

पण विष्णु नारायण भातखंड्यांनी (१८६०–१९३६) थाट मांडले ते कशासाठी, हे विसरून चालणार नाही. देशभर हिंडून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून जमवलेल्या शेकडो रागांची वर्गवारी लावायला त्यांना कप्पे हवे होते. थाट गायचा नसतो, त्याला रंजकतेची अट नाही, हे त्या पद्धतीतच स्पष्ट आहे. एकाच काफी थाटाच्या कप्प्यात भीमपलास आहे, बागेश्री आहे आणि खुद्द काफीही आहे, आणि दोन मिनिटं ऐकल्यावर त्यांची गल्लत कुणी करत नाही. भूप आणि देशकार तर त्याच पाच सुरांचे, सा रे ग प ध. भूपात गंधाराचं राज्य, देशकारात धैवताचं, आणि तेवढ्याने एक संध्याकाळी गायला जातो, दुसरा सकाळी. सूर तेच असून राग बदलतो, तर राग सुरांच्या यादीत नाही हे उघड आहे. ही गोष्ट आपल्याकडे रेडिओवर नाट्यगीतं ऐकत मोठ्या झालेल्या माणसालाही माहीत असते, त्याला ती मांडता आली नाही तरी. गिटार शिकताना मात्र आपण ती दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवतो.

याची परीक्षा पाहायची असेल तर भूपाचेच पाच सूर गिटारवर घ्यावेत. सा बदलत गेलं की रिषभापासून मध्यमाद सारंगाचे सूर मिळतात, गंधारापासून मालकंसाचे, पंचमापासून दुर्गाचे आणि धैवतापासून सा ग म प नि, म्हणजे ग आणि नि कोमल असलेला धानी. आपले लोक याला मूर्च्छना म्हणतात. जगभरच्या गिटार शिकवण्या ज्या मायनर पेंटाटॉनिकपासून सुरू होतात तो म्हणजे धानीचे सूर, दुसरं काही नाही. त्यात तीव्र मध्यमाचा एक कण मिसळला की पुस्तकातला ब्लूज स्केल तयार. आता गंमत अशी की गिटारच्या मानेवर या स्केलचे पाच नकाशे असतात आणि खालच्या नकाशावरून वरच्यावर गेलं की पुष्कळांना वाटतं, आपण काहीतरी नवं वाजवलं. पण सा धरून ठेवतो बास गिटारवाला. त्याने सा सोडलेला नाही तोवर वरच्या नकाशातही धानीच वाजतो आहे, फक्त बोटं वेगळ्या फ्रेटवर आहेत. जागा बदलली म्हणून राग बदलत नाही. अलिबागचा माणूस मांडव्याच्या जेटीवर उभा राहिला म्हणून मुंबईकर होत नाही, तसंच.

ब्लूज मुळात असा स्केलमधून निघालेला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात, गुलामीतून सुटलेल्या पण दैन्यातून न सुटलेल्या काळ्या लोकांनी तो गाऊन घडवला. डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तराने १९०३ च्या सुमारास टटवायलरच्या रेल्वे स्टेशनवर एका माणसाला तारांवर सुरी घासत गिटार वाजवताना ऐकलं आणि पुढे १९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’, १९१४ मध्ये ‘सेंट लुई ब्लूज’ छापून त्या गाण्याला कागदावर आणलं. कागदावर आणताना पंचाईत अशी की हे गाणारे गंधार ना धड कोमल लावत, ना धड शुद्ध. हँडीने तो कोमल चिन्हाने लिहिला, पुढच्यांनी त्याला ‘ब्लू नोट’ म्हटलं आणि स्केल नावाची चौकट त्यानंतर आली. कुमार गंधर्व देवासला माळव्याची लोकगीतं ऐकताना ज्या निष्कर्षाला पोचले आणि ज्यातून त्यांनी धुनउगम राग बांधले, तो हाच क्रम आहे. आधी धून, मग तिच्या पोटातला राग, आणि सुरांची यादी सगळ्यांत शेवटी. क्रम उलटा करून यादीतून धून काढायला गेलं की काय होतं ते शब्दकोशाच्या वाटेने वर आलंच आहे.

आता त्या गंधाराकडे नीट पाहू, कारण सगळी खुबी तिथे आहे. गिटारचे फ्रेट अर्ध्या अर्ध्या सुरावर ठोकलेले. एका अर्ध्या सुराचे १०० भाग कल्पिले तर फ्रेटवरचा कोमल गंधार सा पासून ३०० वर आणि शुद्ध ४०० वर येतो. तंबोऱ्याच्या नादाशी जुळणारे नैसर्गिक गंधार मात्र साधारण ३१६ आणि ३८६ वर असतात, आणि ब्लूजचा गंधार या दोघांच्या मधल्या वाटेवर कुठेतरी हिंडत असतो. तो फ्रेट दाबून मिळत नाही. कोमल गंधाराची तार बोटाने किंचित आडवी ओढली की तो वर सरकतो आणि शुद्ध गंधारापर्यंत न पोचता अडून राहतो. दरबारीचा आंदोलित गंधार ज्याने ऐकला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बी. बी. किंगला त्याच्या नात्यातल्या बुका व्हाइटसारखी तारेवर नळी घासून वाजवायची कला साधली नाही, म्हणून त्याने डाव्या हाताच्या थरथरीने तो आवाज काढायचा प्रयत्न केला, आणि ती थरथर त्याची सही झाली. तिच्यामुळे त्याच्या स्केलमध्ये एकही सूर वाढला नाही.

आणि ब्लूजला दोन्ही गंधार लागतात. आपल्याकडे असा राग आहे, जोग. चढताना शुद्ध गंधार, उतरताना ग म करून अचानक कोमल गंधारावर येऊन सा. पंडित रविशंकरांनी १९५६ च्या ‘थ्री रागाज’ या तबकडीत जोग वाजवला होता. ब्लूजच्या कानाने तो आज ऐकून पाहावा, परका वाटणार नाही. मात्र साम्य दाखवून गप्प बसणं म्हणजे अर्धवट काम, आणि या जागी माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेपही येतो. आक्षेप असा की राग आणि ब्लूज यांची जमीनच वेगळी आहे. रागाखाली तंबोरा असतो, तो रात्रभर हलत नाही. ब्लूजखाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूरसमूह, असतात आणि ते बारा मात्राखंडांच्या आवर्तनात तीन घरांत फिरतात. जमीन हलत असताना वादी-संवादीचं, म्हणजे रागातल्या मुख्य सुरांचं, काय करायचं?

आक्षेप खरा आहे, पण तो वाक्यरचनेच्या बाजूनेच बोलतो. ब्लूजचं आवर्तन चार-चार खंडांच्या तीन ओळींचं. पहिली ओळ म्हणायची, तीच दुसऱ्यांदा म्हणायची आणि तिसरीत निकाल द्यायचा. प्रत्येक ओळीच्या निम्म्यात गाणारा थांबतो आणि उरलेल्या जागेत गिटार उत्तर देते, आपल्या सवाल-जवाबासारखं. पहिल्या ओळीखालचा कॉर्ड सा चा, त्यात सूर असतात सा ग प आणि कोमल नि. यातला ग शुद्ध. दुसऱ्या ओळीला शब्द तेच, पण जमीन मध्यमावर सरकते, आणि त्या कॉर्डमध्ये असतात म ध सा आणि कोमल ग. म्हणजे पहिल्या ओळीत जो शुद्ध गंधार घरचा होता तो दुसऱ्या ओळीत खड्यासारखा दाताखाली येतो, आणि कोमल गंधार, जो आधी रडवत होता, तो आता शांतपणे बसतो. मुरलेला वादक इथे स्केल बदलण्याचा विचारही करत नाही. तो पहिल्या ओळीतलंच वाक्य पुन्हा म्हणतो आणि त्यातला एक गंधार अर्ध्या सुराने खाली उतरवतो. तेच शब्द आता वेगळं बोलतात. तिसऱ्या ओळीत जमीन पंचमावर जाते, तिथल्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद असतो, तिथून मध्यमावर आणि मग सा कडे. जोगात दोन गंधारांचा निवाडा आरोह-अवरोह करतो, ब्लूजमध्ये तो पायाखालची जमीन करते. नियम वेगळा, पण नियम आहे, आणि दोन्हीकडे तो वाक्यातल्या जागेचा आहे. ज्याने केवळ ‘मिक्सोलिडियन अधिक मायनर पेंटाटॉनिक’ एवढं पाठ केलं त्याच्याकडे दोन्ही गंधार असतात आणि कुठला कधी हे नसतं.

हेच पुढच्या अवघड स्केलांना लागू. कोमल गंधाराच्या उदास ब्लूजमध्ये, ज्याला मायनर ब्लूज म्हणतात, शेवटच्या ओळीत पंचमाचा कॉर्ड आला की त्यातला शुद्ध निषाद धानीच्या कोमल निषादाशी भांडतो. तेवढ्या एका खंडापुरता फ्यूजनवाला हार्मोनिक मायनर घेतो. दक्षिणेत याच सुरांना कीरवाणी म्हणतात, सा रे ग म प ध नि, त्यात ग आणि ध कोमल, नि शुद्ध. खंड संपला की तो परत धानीवर. ऐकणाऱ्याला नवा स्केल आला असं वाटतच नाही. तिहाईच्या शेवटच्या धा आधी श्वास रोखला जावा तशी एक ओढ लागते आणि सा वर सुटते. हार्मोनिक मायनरच पंचमापासून वाजवला की बसंत मुखारीचे सूर येतात, मेलडिक मायनरचे सूर पटदीपात आहेत, चारुकेशीही पाश्चात्त्य कोष्टकात सापडतो. अशी तुलनेची कोष्टकं करायला मजा येते आणि ती उपयोगी आहेत. पण पटदीपाच्या आरोहात रिषभ आणि धैवत गाळून निषादावर जे टेकणं आहे ते कोष्टकात बसत नाही. सात सूर सरळ वर-खाली पळवले तर कानाला पटदीप दिसणार नाही, मेलडिक मायनरचा सराव चालला आहे एवढं कळेल.

फ्यूजनचा इतिहासही याच दिशेला जातो. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ने जाझमधले भराभर बदलणारे कॉर्ड कमी केले आणि एकेका मोडला ऐसपैस जागा दिली. त्यातल्या ‘सो व्हॉट’चा आराखडा आपल्या भाषेत इतका साधा आहे: १६ खंड पांढरी दोनचा काफी, ८ खंड काळी दोनचा काफी, पुन्हा ८ खंड पांढरी दोन. मोड एकच, हलतो तो फक्त सा. जागा मिळाल्यावर वादकांना वाक्य लांबवता आलं, थांबता आलं. जॉन कोलट्रेनचे कान त्याच सुमारास भारतीय संगीताकडे वळले; १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं. इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन १९६९ मध्ये माइल्सच्या ‘बिचेस ब्रू’त वाजवायला होता, १९७१ मध्ये त्याच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राची पहिली तबकडी आली. त्यातल्या ‘द डान्स ऑफ माया’मध्ये चक्क ब्लूजचा झोका आहे, पण वीस मात्रांच्या आवर्तनात बसवलेला. सूर ब्लूजचे, हिशेब आपल्याकडचा, आणि तरी ते गाणं कलम केलेल्या फांदीसारखं वाढलेलं वाटतं, चिकटवलेलं वाटत नाही.

पुढे मॅक्लॉफ्लिनने वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले आणि झाकीर हुसेन, एल. शंकर यांच्याबरोबर ‘शक्ती’ काढली. तिच्यासाठी जी गिटार घडवून घेतली ती डोळे उघडणारी आहे. एब्राहम वेक्टर या कारागिराने फ्रेटांमधलं लाकूड खोदून खोलगट केलं, म्हणजे तार वीणेसारखी दाबून-ओढून मींड घेता यावी, आणि मुख्य तारांखाली तिरक्या सात तरफेच्या तारा बसवल्या. म्हणजे जगातल्या सगळ्या स्केलांचा उलगडा झालेल्या माणसाला कमी पडत होतं ते काय, याचा हा लाकडातला पुरावा. त्याला नवे सूर नको होते, दोन सुरांमधली वाट आणि खालचा सा हवा होता. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’त शक्तीच्या नव्या अवताराबरोबर शंकर महादेवन गायले. श्रीनिवास खळ्यांच्या हाताखाली तयार झालेला गळा तो. खळ्यांच्या चाली ज्यांनी गाऊन पाहिल्या त्यांना ठाऊक आहे की तिथे सूर सोपे दिसतात आणि जाण्या-येण्याच्या जागा घाम काढतात. शक्तीच्या ‘धिस मोमेंट’ला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले.

गिटारचे सूर ठोकून बसवलेले, त्यावर आपल्या संगीताचं बोलू नये, असाही एक जुना आक्षेप आहे. तो आपण पेटीवरही घेतला होता. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद ठेवलं, कारण तिला मींड नाही आणि श्रुती नाहीत. गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्राला तो निर्णय कधी मनापासून पटला नाही, आणि पेटीच्या बाबतीत निदान आरोप तरी खरा होता. गिटारच्या बाबतीत तो खराही नाही, कारण तार ओढता येते. तार ओढायची नसेल तर सळई सरकवता येते. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ब्रिजभूषण काबरा यांनी तेच केलं, आणि विश्वमोहन भट्ट यांनी १९९३ मध्ये राय कूडरबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’त ब्लूजवाल्याच्या शेजारी बसून तेच केलं. भट्ट आणि कूडर, दोघांच्याही सळया एकमेकींना अडल्या नाहीत.

उलट बाजूचा उत्साहही आवरायला हवा. धानी सापडला, जोग सापडला, मग ब्लूज आमचाच, असं म्हणणारे भेटतात. रायगडच्या किनाऱ्यावर तर आणखी एक मोह आहे. मुरूडजवळ राजपुरीच्या तोंडाशी जंजिरा, त्याचे सिद्दी आफ्रिकेतून आलेले, त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. ब्लूजही आफ्रिकी माणसांचा, म्हणजे धागा जुळलाच की. जुळत नाही. सिद्दी प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेतून, ॲबिसिनियाच्या बाजूने आले, आणि अमेरिकेत विकली गेलेली माणसं मुख्यतः पश्चिम आणि मध्य-पश्चिम आफ्रिकेची. जंजिऱ्यावर ते दर्यावर्दी आणि राज्यकर्ते होते, मिसिसिपीत शेतावरचे गुलाम. पाच सुरांची सप्तकं तर चीनपासून पेरूपर्यंत सापडतात. सारखे शब्द सापडले म्हणून नातं सिद्ध होत नाही. ‘मेज’ हा शब्द कोर्लईत आहे आणि मराठीतही आहे, तेवढ्याने आपण कोर्लईची बोली बोलू लागत नाही.

मग स्केल शिकायचेच नाहीत का, असं विचारलं जाईल. शिकायचे, पण पलट्यांसारखे. पलटे गळ्याला वळण देतात, कुणी मैफलीत गात नाही. मोडच्या नावांचा एक फायदा वादातीत आहे: दिल्लीचा, मुंबईचा आणि लंडनचा वादक तालमीत एका शब्दात एकमेकांना समजतात. अडचण सुरू होते ती शिकण्याचा क्रम नावांपासून सुरू झाला की. मराठी मुलाने आधी तंबोऱ्यावर धानीतली एक ओळ गळ्याने म्हणावी, मग तीच तारेवर शोधावी, मग जोगाच्या दोन्ही गंधारांनी ती वळवावी आणि मग खालची जमीन मध्यमावर सरकवून त्यातला कुठला गंधार टोचतो ते ऐकावं. मिक्सोलिडियन हे नाव त्याला त्यानंतर दहा मिनिटांत कळेल आणि पुन्हा विसरणार नाही.

हे सगळं करून दाखवणारा एक कोकणी माणूस होऊन गेला. अमान्सिओ डिसिल्वा, मूळचे गोव्याचे, जन्म मुंबईत १९३६ चा. मुंबईत जाझ वाजवून १९६७ मध्ये ते लंडनला गेले. १९६९ मध्ये जमैकाहून आलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर त्यांनी ‘हम दोनों’ ही तबकडी केली. तीत सतार नाही, तबला नाही, भारतीय वाटावं म्हणून लावलेला कसलाही साज नाही. बास, ड्रम, ट्रंपेट, सॅक्सोफोन, नॉर्मा विन्स्टनचा शब्दांवाचूनचा आवाज आणि मध्ये ही गिटार. तिच्यातल्या ‘बॅलड फॉर गोवा’त सूर कुठल्या मोडचे हे कागदावर लिहिता येईल, पण लक्षात राहतं ते वाक्य. छोटी ओळ, जराशी वळवून पुन्हा तीच, आणि सा वर येताना केलेली टाळाटाळ. सतारीची नक्कल करून भारतीयपणा दाखवणं त्या काळात सोपं होतं आणि फॅशनही होती. या माणसाने ते केलं नाही, आणि माझ्या मते त्या पिढीच्या इंडो-जाझमध्ये आज शिळं न वाटणारं जे थोडं आहे त्यात म्हणूनच त्याचं काम येतं.

त्यांची सगळ्यांत मोकळी तबकडी मात्र तीन वर्षांनंतरची. तीत तबल्यावर मुंबईचे केशव साठे होते, सतारही होती, आणि पियानो, सॅक्सोफोनवर लंडनची नामवंत जाझ मंडळी. ‘कोंकण डान्स’ हे तिचं नाव. ध्वनिमुद्रण १९७२ मध्ये झालं आणि ते फडताळात पडून राहिलं. डिसिल्वा १९९६ मध्ये लंडनमध्ये वारले. तबकडी बाजारात आली २००६ साली.